आत्याच्या बारा वह्या

सव्वा लाख वेळा देवाचं नाव लिहिल्यावर माणसाला काय मिळतं, असं मला अधूनमधून कोणी विचारतं. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर बहुधा श्रद्धा असते, त्यामुळे खरं उत्तर देणं अवघड जातं. मला उजव्या हाताच्या मधल्या बोटावर एक घट्टा मिळाला. तो अजून आहे. आणि खरं सांगायचं तर मी सव्वा लाख वेळा लिहिलंही नाही. त्यापेक्षा बरंच कमी लिहिलं. किती कमी, ते मला आणि आत्याला ठाऊक होतं. आता फक्त मला आहे.

अकरावीसाठी मी राजापूरजवळच्या आमच्या गावाहून रत्नागिरीला आले तेव्हा वडिलांची मुंबईतली गिरणी बंद पडलेली होती आणि ते गावी येऊन पडवीत बसून असत. मुलींच्या वसतिगृहात मला जागा होती, पण वडिलांच्या चुलत बहिणीनं, म्हणजे आत्यानं, आधीच निरोप पाठवून ठेवला होता. तिनं दत्तगुरूंच्या लिखित जपाचा संकल्प सोडला होता आणि तिला अक्षर येत नव्हतं. जपाच्या नियमात एकानं तोंडानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं, अशी सवलत होती. मला वाटतं, वडिलांना हा व्यवहार देवाधर्माचा वाटला म्हणून ते लगेच हो म्हणाले. मला सोडायला आले तेव्हा आत्याच्या ओट्यावर बसून त्यांनी तो माझ्यासमोरच पक्का केला.

"आक्का, जप पुरा होईस्तो पोरगी तुझी. झाला की ती तिच्या वसतिगृहात."

आत्यानं मला आपादमस्तक पाहिलं. "अक्षर कसं आहे? का कोंबडी चालून गेल्यासारखं?"

"शाळेत पहिली होती," वडील म्हणाले.

"ते विचारलंच नाही मी."

आत्याचं घर मांडवी बंदराकडे उतरणाऱ्या एका गल्लीत होतं. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे ओटा, मागे एक नारळ आणि दोन केळी. काका, आत्याचे यजमान, मासेमारीच्या लाँचवर तांडेल, म्हणजे म्होरके होते. समुद्रानं त्यांना कधी काही केलं नाही, काविळीनं केलं. मुलगा मस्कतला होता. भिंतीवर त्याचा एक रंगीत फोटो होता, कोणाच्या तरी गाडीला टेकून काढलेला. आत्या रोज त्या फोटोवरची धूळ पुसायची आणि पुसताना म्हणायची, "गाडी दुसऱ्याची आहे हां." हे ती मला सांगायची की देवाला की स्वतःला, ते मला कळलं नाही. त्याची पत्रं येत, पण ती वाचायला पूर्वी शेजारी जावं लागे, आणि शेजारणीला ती पाठ होत. मी आल्यापासून पत्रं घरात वाचली जाऊ लागली, ही आत्याच्या दृष्टीनं मोठी सुधारणा होती.

जपाच्या वह्या आमच्या आळीतल्या दत्तमंडळाकडून मिळत. बारा वह्यांचा संच. प्रत्येक पानावर छापलेली एकशे आठ घरं आणि प्रत्येक घरात एकदा 'श्री गुरुदेव दत्त'. पुठ्ठ्याच्या आत अकरा नियम होते. शुचिर्भूत होऊन लिहावे. पानाच्या एकाच बाजूस लिहावे. लिहिताना नाम मुखाने उच्चारावे. पाणी, चहा वगैरे वहीवर सांडू नये. दत्तगुरू हे अत्रिऋषींचे पुत्र, योग्यांचे योगी, आणि त्यांना चहाच्या डागाची चिंता असेल हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. पूर्ण झालेल्या वह्या मंडळाच्या नव्या मंदिराच्या पायात पुरायच्या होत्या. म्हणजे मी जे काही लिहीत होते ते कोणीही कधीही वाचणार नव्हतं. पुढे लेख लिहू लागल्यावर हा अनुभव मला फार उपयोगी पडला.

रोज पाच वाजता आम्ही बसत असू. मी कॉलेजातून येऊन हातपाय धुवायचे, आत्या मला घावन किंवा दुपारची उरलेली तांदळाची भाकरी आणि वर कुळथाची पिठी द्यायची, आणि मी खात असताना समोर बसून बघायची. मग पाट, वही, पेन. आत्या भिंतीला टेकून बसे, डोळे मिटून घेई आणि म्हणे, "श्री गुरुदेव दत्त." मी लिहायचे. शेवटच्या 'त्त'ची काठी मी ओढली की ती पुढचं म्हणे. सुरुवातीला मला आश्चर्य वाटे, कारण तिचे डोळे तर मिटलेले असत. मग लक्षात आलं, ती पेनाचा आवाज ऐकायची, पान उलटल्याचाही. खालून परतणाऱ्या लाँचची इंजिनं ऐकू येत, टकटकटक, मग बंद. मासळीवाल्या बायकांची हाक येई. कोणाच्या तरी घरी टीव्ही लागे. आमच्या घरात तीन शब्द आणि पेनाची खरखर, तीन शब्द आणि खरखर. तिन्हीसांजेला आत्या उठून दिवा लावी आणि तो दिवस संपे. एक वही संपायला तीन आठवडे लागत. त्यात महिन्याचे चार दिवस वहीला शिवायचं नाही. ते चार दिवस मी ओट्यावर बसून असे आणि आत्या आत एकटी बसून, काही न म्हणता, नुसती पाटाकडे बघत असे.

मला ते घर आवडत नव्हतं. हे आज लिहायला सोपं आहे. माझ्या वर्गातल्या मुली वसतिगृहात चारचारजणी एका खोलीत राहत, एकमेकींच्या वेण्या घालत, रविवारी भाट्याला समुद्रकाठच्या पुळणीवर जात आणि सोमवारी वर्गात त्याच गोष्टीवर पुन्हा हसत. मला त्यातलं काही कळत नसे. मी सोळा वर्षांची होते आणि माझ्याशी दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य देवाला उद्देशून असे. रोज रात्री अंथरुणावर पडले की मी राहिलेल्या वह्या मोजायचे.

आत्याशी बोलायला विषय नव्हते म्हणून मी कधीकधी तिला पुस्तकातलं काही सांगत असे. एकदा दत्तगुरूंच्या चोवीस गुरूंची गोष्ट सांगितली. पृथ्वी, वारा, अजगर, कबुतर, आणि त्यातच एक कुमारिका. ती भात कांडत असते, हातातल्या बांगड्या वाजतात, घरी आलेल्या पाहुण्यांना ऐकू जाईल म्हणून ती एकेक काढत जाते. शेवटी प्रत्येक हातात एकच उरते आणि आवाज थांबतो. तेव्हा दत्तगुरू म्हणतात, चारजण एकत्र आले की भांडण, दोघं आले की गप्पा, म्हणून शहाण्यानं एकटं राहावं. आत्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. तिच्याही हातात एकेकच बांगडी होती, चांदीची, झिजलेली.

"एकटी बांगडी वाजत नाही, ते खरं," ती म्हणाली. "पण मग ती पोर घरात आहे का नाही, ते बाहेरच्याला कळायचं कसं गो?"

या प्रश्नावर मी नंतर पुष्कळ भाष्यं धुंडाळली. कोणी त्याला हात घातलेला नाही.

नवरात्रापर्यंत पाच वह्या झाल्या. याच सुमारास मी सकाळी टायपिंगच्या क्लासला जाऊ लागले होते. तिथले सर वापरलेले कार्बन टोपलीत टाकत. मी त्यातले बरे बघून चारपाच उचलून आणले. पेन मी आधीच शाईचं सोडून बॉलपेन घेतलं होतं. नियमांत बॉलपेनबद्दल काही नव्हतं. कार्बनबद्दलही नव्हतं. पानाच्या खाली कार्बन सरकवला की पुढच्या पानावरच्या एकशे आठ घरांत आपोआप एकशे आठ नावं बसत, घरं तंतोतंत एकाखाली एक छापलेली असल्यामुळे. मंडळानं छपाईवर चांगला खर्च केला होता.

पहिल्या दिवशी कार्बन मी आधीच सरकवून ठेवला. आत्याचे डोळे मिटलेले. ती म्हणत होती, मी लिहीत होते, आणि खाली अंधारात दुसरं नाव उमटत होतं. ती वही दहा-अकरा दिवसांत संपली. आत्यानं नेहमीप्रमाणे तिच्यावर जास्वंद ठेवली, नमस्कार केला आणि म्हणाली, "आटपली?" मी म्हटलं, "हो, हात बसलाय आता." तिनं पुढची वही पाटावर आणून ठेवली. आणखी एक वही तशीच झाली. मग माणसाचं होतं तसं माझं झालं आणि मी दोन कार्बन घालू लागले. तिसरी प्रत पुसट येई, पण देवाला चष्मा लागत नसावा असा मी विचार केला.

दत्तजयंतीच्या आठवडाभर आधी बारावी वही संपली. वह्या तपासण्याचं काम मंडळात शेट्येकाकांकडे होतं. ते कुठल्याशा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, आणि कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. मंडळाच्या खोलीत त्यांचं टेबल होतं, टेबलावर आवक-जावक रजिस्टर, शाईचं पॅड आणि चार रबरी शिक्के. मी वह्या पुढे ठेवल्या आणि उभी राहिले. ते पानं उलटत गेले. सहाव्या वहीवर थांबले. बोटाला थुंकी लावून पुसटसं अक्षर घासून पाहिलं. बोट निळं झालं.

"कार्बन?"

मी मान खाली घातली.

"पोरी," ते म्हणाले, आणि खुर्चीतून अर्धे उठले, "इतक्या वर्षांत कोणाला सुचलं नाही. सगळे येतात, एक प्रत देतात, जातात. उद्या वह्या गहाळ झाल्या तर? तू स्थळप्रत काढलीस."

मला वाटलं ते चेष्टा करत आहेत. ते चेष्टा करणाऱ्यांपैकी नव्हते. मी चाचरत म्हटलं की या प्रती वेगळ्या नाहीत, त्यासुद्धा जपातच धरल्या आहेत. त्यांनी थोडा विचार केला. मग खण उघडून पाचवा शिक्का काढला.

"हरकत नाही. मूळ प्रतीवरून निघालेली आणि सक्षम अधिकाऱ्यानं साक्षांकित केलेली प्रत मूळ प्रतीइतकीच ग्राह्य असते." आणि ते एकेका कार्बनच्या पानावर शिक्का मारत सुटले. सत्यप्रत. सत्यप्रत. सत्यप्रत. खाली सही. देवाच्या नावाखाली हेडक्लार्कची सही असलेली ती पानं आज कुठल्या तरी गाभाऱ्याखाली आहेत, आणि पाच हजार वर्षांनी कोणी उत्खनन केलं तर आमच्या धर्माचं स्वरूप त्याला अगदी अचूक कळेल.

दत्तजयंतीला मांडव होता, माईक होता, हॅलो हॅलो होतं. जप पूर्ण केलेल्या भक्तांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होता. मुंबईहून आलेले एक पाहुणे गुरुकृपा या विषयावर बोलले आणि बोलताना तीनदा घड्याळ पाहिलं. मग शेट्येकाकांनी यादी वाचायला घेतली. आत्याचं नाव आलं. ती बायकांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत होती. ती उठली, पण पुढे गेली नाही.

"माझा झाला नाही," ती म्हणाली.

"काय?" शेट्येकाका माईकमधून म्हणाले, त्यामुळे तो प्रश्न सगळ्या आळीनं ऐकला.

"माझा जप पुरा झाला नाही. चार वह्या राहिल्यात."

"आक्का, बारा वह्या जमा आहेत. मी स्वतः तपासल्यात. शिक्के आहेत."

"शिक्के तुमचे हो. जप माझा आहे. मधे मधे मी मनातल्या मनात म्हटलं, तोंडानं नाही. ते धरू नका." आणि ती खाली बसली.

मांडवात थोडं हसू पसरलं. कोणी म्हणालं, म्हातारीचा घोळ झाला. शेट्येकाकांनी हसून शाल आणि नारळ माझ्या हातात दिला, "लेखनिकाचा सत्कार," म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यातला तो पहिला सत्कार. नंतरचे दोनचार झाले तेव्हाही नारळ हातात घेताना माझं बोट निळं आहे का, ते मी बघून घेतलं.

आम्ही घरी आलो. आत्यानं नारळ माझ्या हातातून घेतला, कानाशी हलवून पाहिला आणि म्हणाली, "पाणी आहे. उद्या आमटीच्या वाटपाला होईल." मग ती चूल पेटवायला बसली. मी दारात उभी.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"एका वहीला किती लागतं, ते माझ्या घशाला ठाऊक आहे. निम्म्यात वही आटपली तर घशाला कळणार नाही?"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

तिनं फुंकणी घेतली, दोनदा फुंकर मारली. "तू रोज बसत होतीस ना. मग कशाला बोलू."

"देवाला चालतं. शेट्येकाका म्हणाले."

"मी म्हटलं एकदा. देवानं ऐकलंन एकदा. तुझ्या कागदानं तीनदा ऐकलंन, तर ते पुण्य कागदाचं." ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. "चारच वह्या आहेत, बाय. उन्हाळ्यापर्यंत होतील. तुला घाई होती. मला नव्हती."

मी आत जाऊन दिवसभराच्या साडीतच अंथरुणावर पडले आणि मनात ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मंडळात जाऊन शेट्येकाकांकडून जप पूर्ण झाल्याचा दाखला मागितला. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तो दोन प्रतींत दिला. एक मी वडिलांना पाठवली. वडिलांचं उत्तर आलं: कार्य सिद्धीस गेले, श्रींची कृपा, आता वसतिगृहात जाण्यास हरकत नाही. ते पत्र मी आत्याला वाचून दाखवलं. मस्कतची पत्रं वाचायचे तसंच, एका सुरात. तिनं ते ऐकलं आणि विचारलं, "कधी?" मी म्हटलं, "रविवारी." ती म्हणाली, "रविवारी बांगडे आणीन म्हणत होते." मग म्हणाली, "शनिवारी आणते."

रविवारपर्यंतच्या चार दिवसांत एकदाही आम्ही पाच वाजता बसलो नाही. मी मुद्दाम उशिरा येत असे. पाट भिंतीला उभा करून ठेवलेला असे.

वसतिगृहाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. चारजणींच्या खोलीत मी पाचवी होते. वेण्या घालण्याच्या जोड्या आधीच ठरलेल्या होत्या. भाट्याला मी दोनदा गेले आणि त्या ज्याला हसत त्यालाच हसून पाहिलं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मला काय करावं ते कळेनासं होई. हातात पेन घेऊन बसे आणि काही लिहायचं नसे. मी ते अभ्यासाच्या ताणावर ढकललं.

महिनाभरानं माझी पत्र्याची छोटी पेटी आणायला मी आत्याकडे गेले. तिला कळवलं नव्हतं. कॉलेजातून सरळ गेले, त्यामुळे गल्लीत शिरले तेव्हा पाच वाजून गेले होते. खाली बंदराकडे लाँच परतत होत्या. फाटकाला आतून खिळी होती, ती बाहेरून हात घालून काढता येत असे. मी हात घातला आणि थांबले.

आत आत्या जप म्हणत होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. खिडकीतून भिंतीला टेकून, डोळे मिटून बसलेली ती दिसत होती, आणि समोर मांडलेला पाट. पाटावर काही नव्हतं.

मी हाक मारू शकत होते. चार पावलांवर ओटा होता. पेटीत पेनं होती. आज माझ्या घरात संध्याकाळी पाच वाजता माझ्याशिवाय कोणी नसतं, आणि मी बरेचदा मनात ते फाटक उघडून आत जाते, हातपाय धुते, पाटावर बसते. त्या दिवशी मी खिळीवर हात ठेवून उभी राहिले आणि मग हात काढून घेतला. पेटी पुढच्या वेळी नेऊ, असं स्वतःला सांगितलं. पुढच्या वेळी गेले तेव्हा रविवारची दुपार निवडली. आम्ही बांगडे खाल्ले, मी मस्कतचं पत्र वाचलं, जपाचा विषय दोघींनीही काढला नाही. त्यानंतर ती पुष्कळ वर्षं होती. मी जात असे, पण पाचच्या आत निघत असे.

त्या संध्याकाळी फाटकाशी मी किती वेळ उभी होते सांगता येत नाही. पायांना कळ लागेपर्यंत होते. ती सलग म्हणत नव्हती. सलग म्हणणं सोपं असतं, देवळात सगळे तसंच म्हणतात. ती एकदा म्हणायची, "श्री गुरुदेव दत्त", आणि थांबायची. मग पुन्हा एकदा, आणि पुन्हा थांबायची. मला वहीतलं एक घर लिहायला जेवढा वेळ लागायचा, बरोबर तेवढी. मी मागे फिरून गल्लीच्या तोंडाशी पोचले तरी ते ऐकू येत होतं. मग एकदा ती जरा जास्त वेळ गप्प राहिली. मला वाटलं, झालं. पण तसं नव्हतं. मी पान उलटेपर्यंत ती थांबली होती.